सामाजिक न्याय, कायदा आणि शाश्वत विकास यांचा एकत्रित अभ्यासक्रम : निवडण्यापूर्वी काय तपासावे

समाजशास्त्राची पदवी आणि स्वयंसेवी संस्थेतील तीन वर्षांचे काम गाठीशी असताना, सामाजिक न्याय, कायदा आणि शाश्वत विकास उद्दिष्टे यांना एकत्र गुंफणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घ्यावा का, की तो शेवटी ना धड कायदा ना धड समाजशास्त्र अशा अवस्थेत सोडून देईल, असे आपण विचारले आहे. मी स्वतः अशाच एका अभ्यासक्रमात शिकलो आणि पुढे काही वर्षे दुसऱ्या एका ठिकाणी तो शिकवला. आपली शंका अनाठायी नाही. मात्र तिचे उत्तर अभ्यासक्रमाच्या नावावरून मिळणार नाही. तिथे एक विशिष्ट प्रश्न विचारला जातो की नाही, हे पाहावे लागेल. उद्दिष्ट गाठले गेले नाही, तर कोणी, कोणाविरुद्ध आणि कुठे दाद मागायची, हा तो प्रश्न.

शाश्वत विकासाची ही उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्य देशांनी 25 सप्टेंबर 2015 रोजी एका ठरावाद्वारे स्वीकारली. 17 उद्दिष्टे, त्यांच्याखाली 169 लक्ष्ये आणि 2030 ही मुदत, असे त्यांचे स्वरूप आहे. तो ठराव आहे, बंधनकारक करार नाही. देश आपल्या प्रगतीचा आढावा स्वेच्छेने मांडतात आणि मागे पडलेल्या देशाला केवळ त्या कारणासाठी कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. कायद्याची रीत याच्या अगदी उलट आहे, कारण तिथे हक्क कोणाचा, कर्तव्य कोणाचे आणि निवाडा कोण करणार, या तिन्हींची उत्तरे असल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. सर्वांना सुरक्षित पाणी मिळावे, असे उद्दिष्ट म्हणते. या वस्तीला आज पाणी नाही त्याला जबाबदार कोण, असे कायदा विचारतो. आणि हीच वस्ती दर वेळी रांगेत शेवटी का असते, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न असतो. हे तीन प्रश्न एकमेकांना अडचणीत आणतात, आणि ती अडचण शिकवणे हेच अशा अभ्यासक्रमाचे खरे काम आहे. ते जमले नाही की प्रत्येक व्याख्यानाखाली ‘संबंधित उद्दिष्ट क्रमांक’ लिहून वेळ मारून नेली जाते. (आमच्याकडे हे सर्रास चाले आणि पहिल्या वर्षी मीही तेच केले, हे कबूल करतो.)

ही अडचण कशी दिसते, हे नॉर्वेतील एका खटल्यावरून सांगतो, कारण मी जी काही प्रकरणे शिकवली त्यांत विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे हेच होते. मध्य नॉर्वेतील फोसेन द्वीपकल्पावर स्टोरहेया आणि रोआन या दोन ठिकाणी मिळून 151 पवनचक्क्या उभारण्यात आल्या. स्वच्छ ऊर्जा हे सातवे उद्दिष्ट आणि हवामानविषयक कृती हे तेरावे, म्हणजे उद्दिष्टांच्या तक्त्यावर प्रकल्प निर्दोष होता. परंतु ती जमीन तिथल्या आदिवासी सामी समाजाच्या रेनडिअरच्या कळपांची हिवाळी चराई होती. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2021 रोजी एकमताने निकाल दिला की, नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील 27 व्या अनुच्छेदाने अल्पसंख्य समूहांना आपली संस्कृती जगण्याचा जो हक्क दिला आहे, त्याचा येथे भंग झाला असून प्रकल्पाचे परवाने अवैध आहेत. हरित ऊर्जेची गरज न्यायालयाने नाकारली नाही; सामी समाजाला कमी झळ पोहोचेल असे इतर पर्याय होते, एवढेच त्याने दाखवून दिले.

इथवर वाचून विद्यार्थी वही मिटतात. खरा धडा त्यानंतर सुरू होतो. निकाल लागला तेव्हा पवनचक्क्या उभ्या राहून वीज देऊ लागल्या होत्या आणि त्यांचे पुढे काय करायचे, हे निकालात सांगितलेले नव्हते. 500 दिवस उलटले तरी त्या फिरतच होत्या, म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये सामी तरुणांनी ओस्लोतील ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला. त्यानंतर सरकारने माफी मागितली आणि डिसेंबर 2023 व मार्च 2024 मध्ये चराई करणाऱ्या दोन गटांशी समझोते झाले. वार्षिक भरपाई मिळाली, पर्यायी चराईचे आश्वासन मिळाले, पवनचक्क्या मात्र जागेवरच राहिल्या. आता सांगा, सामी जिंकले का? पर्यावरणीय न्यायाचे अभ्यासक न्यायाचे साधारणपणे तीन पदर मानतात : लाभ आणि झळ यांची वाटणी, निर्णयप्रक्रियेतील सहभाग, आणि त्या समूहाच्या जीवनपद्धतीची दखल. या प्रकरणात दखल मिळाली, ती उशिरा मिळाली आणि वाटणी पैशांत झाली. ज्या वर्गात या प्रश्नावर दोन तास वाद होतो, तो अभ्यासक्रम खुशाल घ्यावा.

याच कारणासाठी, वाचनसूचीत निकालांबरोबर निकालांनंतरची हकिकत आहे का, हे मी आवर्जून पाहतो. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने 2000 साली बेघर झालेल्या आयरीन ग्रूटबूम आणि इतरांच्या प्रकरणात निवाऱ्याच्या हक्काबाबत त्यांच्या बाजूने दिलेला निकाल जगभर अभ्यासला जातो. मात्र 2008 साली ग्रूटबूम वारल्या तेव्हाही त्यांना हक्काचे घर मिळालेले नव्हते, हे त्याच तासाला सांगितले गेले पाहिजे. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्समधील उर्गेंडा प्रकरण आहे, म्हणजे उर्गेंडा या पर्यावरणवादी संस्थेने तिथल्या सरकारवर भरलेला खटला. 1990 च्या तुलनेत 2020 अखेरपर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन किमान 25 टक्क्यांनी घटवण्याचा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2019 रोजी कायम केला, आणि त्यासाठी शाश्वत विकास उद्दिष्टांचा नव्हे, तर मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचा आधार घेतला. उद्दिष्टे वातावरण तयार करतात, पण न्यायालयात उभे राहायला दुसरी काठी लागते, हे विद्यार्थ्याला अशा प्रकरणांतूनच उमगते.

बाकी तपासणी सोपी आहे. विधी साहाय्य केंद्रात प्रत्यक्ष काम करण्याला श्रेयांक आहेत का, हे विचारावे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याच्या तपासणीचा, एखादा संपूर्ण अहवाल, त्यातील पाण्याच्या आणि लोकसंख्येच्या तक्त्यांसह, विद्यार्थ्यांकडून वाचून घेतला जातो का, हेही विचारावे. कायद्याच्या पदवीधरांना आकडे टाळायची सवय असते आणि समाजशास्त्राच्या पदवीधरांना निकालपत्रातील बंधनकारक भाग आणि ओघात आलेली टिप्पणी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे दोघांना एकमेकांच्या शेजारी बसवून कष्ट करायला लावणारा शिक्षक असणे फार महत्त्वाचे ठरते. माहिती, सहभाग आणि न्यायालयाचे दार या तिन्ही गोष्टी हक्क म्हणून देणारे 1998 चा आरहूस करार आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियन देशांचा 2018 चा एस्काझू करार अभ्यासक्रमात नसतील, तर मला शंका येते. विद्यापीठाच्या क्रमवारीवर मात्र विसंबू नये. उद्दिष्टांच्या आधारे विद्यापीठांना क्रम देणारी ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ची यादी 2019 पासून निघते, परंतु ती संपूर्ण संस्थेची आणि बऱ्याच अंशी संस्थेनेच पुरवलेल्या माहितीवर आधारलेली असते, आपण ज्या वर्गात बसणार, त्याविषयी ती काही सांगत नाही.

आपल्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. पहिली, कायद्याची मूळ पदवी नसताना घेतलेल्या अशा पदव्युत्तर पदवीने सहसा वकिली करण्याची परवानगी मिळत नाही. संशोधन, धोरणविषयक काम, संस्थांमधील हक्कविषयक काम, ही तिची क्षेत्रे आहेत. न्यायालयात स्वतः उभे राहायचे असेल, तर कायद्याची मूळ पदवीच घ्यावी. दुसरी, उद्दिष्टांची मुदत 2030 मध्ये संपते आणि आपली कारकीर्द त्यानंतरची आहे. त्यामुळे उद्दिष्टांची भाषा तेवढी शिकवणारा अभ्यासक्रम लवकर शिळा होईल, हक्क आणि जबाबदारी शोधायला शिकवणारा होणार नाही. निव्वळ उद्दिष्टांची ओळखच हवी असेल, तर ‘एसडीजी अकॅडमी’चे (एसडीजी म्हणजे शाश्वत विकास उद्दिष्टे) ऑनलाइन पाठ विनामूल्य आहेत, त्यासाठी दोन वर्षे आणि शुल्क खर्च करण्याचे कारण नाही.

अर्ज करण्यापूर्वी विभागाकडून मागील दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि प्रबंधांच्या शीर्षकांची यादी मागवून घ्या. ‘उद्दिष्टांचे महत्त्व विशद करा’ अशा थाटाचे प्रश्न दिसले तर पुढची चौकशी थांबवा. दोन उद्दिष्टे समोरासमोर ठेवून कोणा एका बाजूचे निवेदन लिहायला सांगितलेले असेल, तर शिक्षकांशी बोलण्याची वेळ ठरवा.