मर्लिनचा पाचवा सीझन बघाच

तुम्ही विचारलंय: ‘मर्लिन ही मालिका चौथ्या सीझनपर्यंत मजेत बघितली. पण शेवटी आर्थर मरतो असं कळलं. हलकीफुलकी म्हणून धरली होती, आता पाचवा सीझन बघू की सोडून देऊ?’

बघा. आमच्या घरी, खानापुरात, नुकतीच बघून संपली. सोबतीला माझी भाचरं होती. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून पोरं भाग आधीच मोबाईलवर उतरवून ठेवायची.

राजा आर्थर आणि त्याचा जादूगार मर्लिन यांच्या दंतकथेवरची बीबीसीची ही मालिका २००८ ते २०१२ अशी चालली, पाच सीझन मिळून ६५ भाग. चौथ्याच्या शेवटी आर्थर दगडातली तलवार उपसतो, त्याची प्रेयसी ग्वेन राणी होते. तिथं थांबलात तर गोड शेवट मिळेल, हे खरं. पण मूळ प्रश्न तिथं सुटलेला नसतो. मर्लिन पहिल्यांदा कॅमेलॉटमध्ये, म्हणजे आर्थरच्या बापाच्या राज्यात, पाऊल टाकतो तेव्हाच चौकात जादू केली म्हणून एकाचा शिरच्छेद होत असतो. तेव्हापासून हा पोरगा स्वतःची जादू लपवून, नोकर बनून आर्थरचं चिलखत घासतो, त्याची बोलणी खातो आणि त्याचाच जीव वाचवत राहतो. आर्थरला हे कळणार कधी? ट्रोल बाईशी, म्हणजे बाईचं रूप घेतलेल्या राक्षसिणीशी, लग्न करून बसलेला आर्थरचा बाप उथर, म्हाताऱ्याचं सोंग घेऊन राजवाड्यात धुमाकूळ घालणारा मर्लिन, हे भाग बघताना आपण पोट धरून हसतो, पण त्या हसण्याखाली ती लपवाछपवी कायम असते. तिचा हिशेब पाचव्या सीझनमध्येच होतो.

त्यातला ‘द डिसिर’ हा भाग मला सगळ्या मालिकेत मोलाचा वाटतो. आर्थरचा तरुण सरदार मॉर्ड्रेड मरणाच्या दारात असतो. त्याला वाचवायचं तर राज्यात जुन्या धर्माला, म्हणजे जादूला, जागा द्यावी लागेल, अशी अट आर्थरपुढं येते. तो रात्री शेकोटीपाशी मर्लिनलाच विचारतो, काय करू? ज्या दिवसाची मर्लिनने इतकी वर्षं वाट बघितली, तो समोर येऊन उभा असतो. पण मॉर्ड्रेडच्या हातून आर्थरचा घात होणार हे भाकीत त्याला माहीत असतं. म्हणून तो डोळ्यांत पाणी आणून सांगतो, कॅमेलॉटमध्ये जादूला जागा नाही. दोघं परत येतात, तर मॉर्ड्रेड ठणठणीत बरा! टाळायला गेला तेच त्याने ओढवून आणलं. आमची मोठी भाची रागाने उठूनच गेली, ‘आत्ती, त्याने हो म्हणायला पाहिजे होतं की!’ मलाही तसंच वाटलं, आणि तरी त्याच्या जागी दुसरं कुणी काय केलं असतं, हे सांगता येत नाही.

हे सगळं पोटात घेऊन शेवटचा भाग बघा. मॉर्ड्रेडच्या वाराने आर्थर जखमी आहे, मर्लिन त्याला सगळं सांगतो. आर्थर आधी भडकतो, दुखावतो, मग हळूहळू त्याला उमगतं की या माणसाने इतकी वर्षं कधी श्रेय मागितलं नाही. तो आभार मानतो. ते आभार ऐकायला मिळाले नसते तर पहिले चार सीझन माझ्यासाठी अर्धवट राहिले असते. मरण आहेच, पण त्याच्या आधी ही ओळख पटते, आणि मला तीच मोठी वाटते.

उणिवाही आहेत. पाचवा सीझन तीन वर्षं उडी मारून सुरू होतो, त्यामुळं आर्थरच्या वैरी झालेल्या सावत्र बहिणीचे, मॉर्गानाचे, मधले हाल नीट उलगडत नाहीत. अथूसा या पांढऱ्या ड्रॅगनच्या पिलाचं पुढं काय झालं, हे मालिका सांगतच नाही, आणि त्याची चुटपुट आमच्या घरी अजून आहे. किल्ला मात्र शेवटपर्यंत डोळ्यांचं पारणं फेडतो. तो फ्रान्समधला पिएरफोंचा खराखुरा किल्ला आहे, एकोणिसाव्या शतकात डागडुजी करून उभा केलेला. धाकट्याला यंदा दिवाळीच्या किल्ल्याला तसले टोकदार बुरूज हवेत. मी त्याला आधी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड दाखवून आणणार आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर शेवटचे दोन भाग दिवसाउजेडी, सलग बघा. मध्ये रात्र आली तर झोप लागत नाही, आणि संपल्यावर त्यांना बरंच काही विचारायचं असतं.