दगडीवर पुडी नसते, कप असतो

प्रश्न (माढा तालुका) : आठ संकरित गायी आहेत. दोन महिन्यांत चार गायींना दगडी (कासेला सूज आणणारा रोग) झाला. औषध दुकानदाराने खुराकातून द्यायची पावडर दिलीय, महिनाभर चालू ठेवा म्हणतो. दगडी कायमचा थांबवणारं खाद्यपूरक कोणतं?

उत्तर : कोणतंच नाही. दगडी गव्हाणीतून येत नाही, सडाच्या तोंडातून येतो. गव्हाणीत काहीही टाकलंत तरी ते तोंड बंद होत नाही. आठातल्या चार गायी एकीमागे एक आजारी पडल्या, म्हणजे रोग एकीकडून दुसरीकडे कोणीतरी नेतंय. बहुतेक वेळा तो धार काढणाराचा हात असतो, नाहीतर सगळ्या कासा पुसायचं एकच फडकं, नाहीतर मशीनचा कप.

मी गोठ्यात गेलो की आधी ते फडकं मागतो. खुंटीला टांगलेलं असतं, कायम ओलं. पहिल्या गाईची कास पुसली, दुसरीची पुसली, आजारी तिसरीची पुसली आणि चौथीला प्रसाद वाटला. ते आजच चुलीत घाला. प्रत्येक गाईला वेगळं धुतलेलं फडकं घ्या, नाहीतर वर्तमानपत्राचा कागद घ्या आणि फेकून द्या. कास स्वच्छ असेल तर पाणी मारूच नका. शेणाने भरली असेल तर फक्त सड धुवा आणि कोरडे करा. ओल्या कासेवरून गळणारं पाणी सडाच्या टोकाशी येऊन थांबतं. ती कास न धुतलेल्या कोरड्या कासेपेक्षा वाईट. पोटॅशियम परमँगनेट वापरत असाल तर पाणी फिकट गुलाबी हवं. वांग्याच्या रंगाचं पाणी करून सडाची कातडी भाजलेली जनावरं मी पाहिली आहेत. चिमूट जास्त टाकली म्हणून जंतू जास्त मरत नाहीत. सड फुटतात, आणि फुटलेल्या सडात जंतू आणखी सुखाने राहतात.

आता सड बुडवायच्या कपाचं. इंग्लंडात रीडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत १९६० च्या दशकात यावर मोठं काम झालं. धार झाल्या झाल्या प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवला, तर नव्या संसर्गाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली येतं, हे तिथे दिसलं आणि नंतर जगभर पुन्हा पुन्हा दिसलं. आपल्याकडे अजून बोटावर मोजण्याइतक्या गोठ्यांत हा कप सापडतो. टॉनिकच्या रिकाम्या बाटल्या मात्र प्रत्येक गोठ्याच्या वळचणीला खच पडलेल्या.

सडासाठीच तयार केलेलं, ०.५ टक्के आयोडीन आणि ग्लिसरीन असलेलं द्रावण घ्या. शेवटची धार निघाली की लगेच चारही सड पाऊण उंचीपर्यंत बुडवा. लगेच म्हणजे लगेच. दूध गाळून, डेअरीला घालून, चहा पिऊन आल्यावर नाही. धारेनंतर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं आणि त्याच अर्ध्या तासात गाय शेणात बसते. म्हणून कडबा किंवा कुट्टी धारेच्या आधी नको, धार झाल्यावर टाका. खायला उभी राहिली की बसत नाही. एका गाईला एका वेळी जेमतेम १० मिली द्रावण लागतं. कपात उरलेलं बाटलीत परत ओतायचं नाही. पुरवठ्याला यावं म्हणून पाणी घालायचं नाही. आणि फरशी धुवायचं जंतुनाशक सडाला कधीच लावायचं नाही. दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणाला तरी नाही. एकच नसतं.

धारेचा क्रमही बदला. आधी पहिलारू आणि निरोगी, मग जुन्या, आजारी सगळ्यांत शेवटी. अंगठा मुडपून धार काढणारा गडी असेल तर त्याला मूठ शिकवा. मुडपलेल्या अंगठ्याने सड आतून चेंगरतो. मशीन असेल तर रबराच्या नळ्या सुमारे २५०० धारांनंतर बदलायच्या असतात. एका मशीनवर दहा गायी, दोन वेळा, तर १२५ दिवसांत नळी संपली. तुमची कधी बदलली, आठवतंय का?

जी चार जनावरं निरोगी दिसतात त्यांचीही सीएमटी (लपलेल्या दगडीची दूधचाचणी) करा. चार खळग्यांच्या ताटलीत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच सीएमटीचं द्रावण घालायचं आणि दहा सेकंद फिरवायचं. घट्ट जेलीसारखं झालं तर त्या सडात आतून दगडी आहे, बाहेर सूज नसली तरी. पंधरा दिवसांतून एकदा ही तपासणी हवीच. लपलेला दगडी सुजलेल्या दगडीपेक्षा जास्त दूध खातो, कारण तो महिनोन्‌महिने दिसत नाही.

प्रतिजैविकाबद्दल एकदाच सांगतो. ट्यूब कोणती, इंजेक्शन कोणतं आणि किती दिवस, हे पशुवैद्यक ठरवेल. दुकानदार नाही, शेजारी नाही, गेल्या वेळची उरलेली बाटलीही नाही. एक ट्यूब दोन सडांत वाटायची नाही. सूज उतरली म्हणून दुसऱ्या दिवशी उपचार सोडायचा नाही. आणि पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचं नाही. दुधासाठी दिवस लिहिलेलेच नसतील तर किमान ७ दिवस थांबायचं असा नियम आहे. ‘टँकरमध्ये कुठे कळतं’ असं मला एकाने तोंडावर सांगितलं. त्याच गावच्या हलवायाचं विरजण त्या आठवड्यात लागलं नव्हतं. प्रतिजैविक विरजणाचेही जंतू मारतं.

पावडरीचं म्हणाल तर त्यामागे थोडं खरं आहे. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम कमी पडलं तर कासेची प्रतिकारशक्ती घटते. अमेरिकेत ओहायोमध्ये १९८० च्या दशकात यावर चांगले प्रयोग झाले. हिरव्या चाऱ्यात व्हिटॅमिन ई भरपूर असतं, वाळल्या कडब्यात जवळपास संपलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये नुसत्या कडब्यावर असलेल्या गाभण गाईला ते दिलं तर उपयोग होईल. पण सेलेनियमची दिवसाची गरज ५-६ मिलिग्रॅम असते. मिलिग्रॅम! ग्रॅम नाही. पावडर, खनिज मिश्रण आणि पातळ टॉनिक अशा तिन्हींत सेलेनियम असेल आणि तिन्ही चालू असतील, तर बेरीज कोण करणार? दुकानदार करत नाही.

प्रश्न (माळशिरस तालुका) : गाईची फॅट ३ च्या खाली आली. वाढे (उसाचे शेंडे), गोळी पेंड ७ किलो, मक्याचा भरडा असा आहार आहे. बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाणारी चरबी) दिवसाला अर्धा किलो आणि सोबत सरकीचं तेल पाजायला सांगितलंय.

उत्तर : तेल आधी बंद करा. पाजलेल्या तेलाने पोटातले चारा पचवणारे जंतू मंदावतात आणि फॅट आणखी उतरते. ज्याने सांगितलं त्याला उलटंच माहीत आहे.

बायपास फॅट दिवसाला १०० ते २०० ग्रॅम, तीही व्याल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत, भरपूर दूध देणाऱ्या गाईला. तिचं खरं काम गाईला ताकद देणं, अंग उतरू न देणं. अर्धा किलो घातलीत तर गाय खाणं कमी करेल, दुधातलं प्रथिन घसरेल आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) लागणार नाही. फॅटचे दोन पॉइंट मिळवायला जाऊन दर दुसरीकडून कापून घ्याल. सात महिन्यांच्या गाभण, पाच लिटरवर आलेल्या गाईला बायपास फॅट चारणारेही भेटतात. त्यांना काय म्हणावं!

तुमचा खरा घोटाळा खुराक आणि कुट्टीत आहे. सात किलो पेंड वर भरडा, आणि कुट्टी पिठासारखी बारीक. गाय रवंथ करत नाही, लाळ सुटत नाही, पोटात आम्ल वाढतं आणि फॅट पडते. एकूण कोरड्या आहारात खुराक निम्म्यापेक्षा वर जाऊ देऊ नका, तोही तीन-चार वेळांत वाटून. कुट्टी इंच-दीड इंचाची ठेवा, दिवसाला तीन-चार किलो ज्वारीचा कडबा पोटात गेलाच पाहिजे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात कडबा नाही म्हणणाऱ्याला मी ज्वारीच्या मंगळवेढ्याची वाट दाखवतो. खाण्याचा सोडा दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत खुराकात मिसळता येतो, पण ती कुबडी आहे. पाय बरा झाला की काढा. यीस्ट कल्चरचंही तसंच. उन्हाळ्यात आणि जास्त खुराकावर थोडा फायदा होतो, प्रयोगांत सरासरी वाढ दिवसाला एक लिटरच्या आतच दिसते. पाच लिटर वाढेल म्हणणारा विकतोय, सांगत नाही.

आणखी एक फुकटचा उपाय. पहिल्या धारेत फॅट टक्का-दोन टक्केच असते, शेवटच्या धारेत कितीतरी पटीने जास्त. घाईत कास अर्धवट सोडलीत, किंवा शेवटचं सगळं वासराला सोडलंत, तर फॅट वासराच्या पोटात आणि पातळ दूध डेअरीत. वासराला त्याचं दूध मोजून आधी द्या.

वाढ्यांत ऑक्झालेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका. दुभत्या गाईला रोज १०० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. पण गाभण गाईला शेवटच्या महिन्यात कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका! बाहेरून आयतं मिळालं की गाईचं शरीर हाडांतून कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्याल्यावर गाय थंडगार होऊन आडवी पडते. बाटली व्याल्यानंतरची आहे. औषध चांगलं, वेळ चुकली, गाय गेली, असं दरवर्षी होतं.

प्रश्न (मंगळवेढा तालुका) : पंढरपुरी म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडत नाही. रोज इंजेक्शन द्यावं लागतं.

उत्तर : लागत नाही, सवय लावलीत. म्हशीच्या कासेत तयार दूध साधारण ५ टक्केच खाली उतरलेलं असतं, बाकीचं पान्हा सुटल्यावरच येतं. म्हणून तिला गाईपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. दोन-तीन मिनिटं कोमट ओल्या फडक्याने कास चोळा, पुसून कोरडी करा, पुढ्यात आंबोण ठेवा. वेळ तीच आणि माणूस तोच. आठवडाभर दूध कमी येईल, धीर धरा. याच जातीच्या म्हशी कोल्हापुरात कट्ट्यावर, रहदारीत, गिऱ्हाइकासमोर धार देतात. तुमच्या दारात का देणार नाहीत? ऑक्सिटोसिन, म्हणजे तेच पान्ह्याचं इंजेक्शन, चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही, आणि दुधासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. पिशवीतून सुटी बाटली देणारा तुम्हाला सोडवायला येणार नाही.

प्रश्न (बार्शी तालुका) : अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) निघालं म्हणून दूध परत आलं. टॉक्सिन बाइंडर (पोटात विष बांधून ठेवणारी पावडर) दुप्पट करू का?

उत्तर : पेंड बदला. बुरशीची सरकी पेंड किंवा मका पोटात गेला की एका दिवसात विष दुधात उतरतं. ते खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध निवळतं. दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एवढ्याशा चुकीनेही ओलांडते. पेंड उन्हात वाळवून बुरशी मरेल, विष मरत नाही. दूध उकळूनही जात नाही. बाइंडर म्हणजे बहुतेक बेंटोनाइट माती. पाकिटावरच्या मात्रेत ती कामाची आहे, दुप्पट केली तर चांगली खनिजंही बांधून शेणात नेईल. सप्टेंबरच्या पावसात पोती भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका, आणि दोन महिन्यांची पेंड एकदम भरू नका. स्वस्त मिळाली म्हणून भरली, हेच कारण दर वेळी निघतं.

प्रश्न (अकलूज) : मोनेन्सिन (पोटातल्या जंतूंवर काम करणारं औषध) असलेलं पूरक गायींना चालेल का? घरी घोडाही आहे.

उत्तर : गायींना पशुवैद्यकाच्या मात्रेने चालेल. घोड्याला तेच विष आहे, थोडंसंही. एकाच घमेल्यात खुराक कालवत असाल तर गोठ्यात आणूच नका.

योजनांचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. ब्रुसेलाची (गाभ टाकण्याच्या रोगाची) लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना मोफत, आयुष्यात एकदाच. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं, बँकेत विचारा. आजारी जनावरासाठी १९६२ हा क्रमांक. कानात बिल्ला नसेल तर आधी तो मारून घ्या.

आणि मला पुडीचा फोटो पाठवताना मागच्या बाजूचा पाठवा. घटक आणि मात्रा तिथे असतात, पुढे नुसती गाय असते.