४,२९,४९,६७,२९७ ला भाग कशानं जातो?

प्रश्न : २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ येते. ही मूळ संख्या नाही असं वाचलं, म्हणून ३, ७, ११, १३ असं ओळीनं भागत गेलो आणि कंटाळून सोडून दिलं. कागदावर जमेल अशी रीत आहे का?

उत्तर : आहे. वर्गमूळ ६५,५३६ च्या जेमतेम पुढे येतं आणि तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागायची गरज नाही. एखादी मूळ संख्या हिला भागत असेल, तर त्या संख्येनं भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ (म्हणजे भाजकाहून १ नं कमी) आणि ६४ व्या घाताची बाकी १ येते. ६४ च्या आधीच्या कोणत्याही घाताला बाकी १ येत नाही, आणि असा सर्वांत लहान घात ‘भाजक वजा १’ ला नेहमी भागतो. त्यामुळे तो भाजक ‘६४ ची पट अधिक १’ असाच असतो. गणिती ऑयलरनं १७३२ मध्ये हिचे अवयव पाडले. पुढे फ्रेंच गणिती ल्युकानं ६४ च्या जागी १२८ चालतात हे दाखवलं, म्हणजे काम आणखी निम्मं.

आता १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ घ्या. १२९, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत. २५७ नं भागल्यास बाकी २ उरते. ६४१ नं मात्र नि:शेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. हा भागाकारही न करता पटतं : ६४१ म्हणजे ५×१२८+१, आणि ६४१ म्हणजेच ६२५+१६. पहिल्यावरून ५ गुणिले २ चा ७ वा घात याची बाकी −१. चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ घाला, की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते. झालं!

बहुतेक जण इथेच थांबतात, पण ६७,००,४१७ मूळ आहे का, हे उरतंच. तिचे मूळ अवयवही त्याच साच्यातले हवेत आणि वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, म्हणून २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढेच उमेदवार. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे ती मूळ आहे आणि मोठ्या संख्येला विभाजक चारच.

प्रश्न : माझ्या प्रोग्रॅममध्ये हीच संख्या १ दिसते. दुसऱ्या एका चाचणीत तर ती मूळ ठरली!

उत्तर : ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे जागाच नसते. २ चा ३२ वा घात तिथे ० होतो, त्यात १ मिळवला की १. ६४ बिटांचा प्रकार वापरा, पण गुणाकाराच्या आधीपासून. उत्तर आल्यावर प्रकार बदलून उपयोग नाही.

चाचणी बहुधा फर्माची, पाया २ घेऊन केलेली असावी : पायाचा ‘संख्या वजा १’ इतका घात करून त्या संख्येनं भागायचं, बाकी १ आली की पास. २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ आहे आणि संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्याला ६४ नं भाग जातो, त्यामुळे ही संख्या त्या चाचणीत हटकून पास होते. पाया ३ घ्या, लगेच नापास होईल.