टोपणनावाने लिहायचं तर इन्कॉग्निटो आणि व्हीपीएन पुरे का?

गोव्यातल्या पेडण्यातल्या डोंगरकापणीवर टोपणनावाने लिहायचंय, सरकारला आणि जाहिरातवाल्यांना पत्ता लागू नये म्हणून इन्कॉग्निटो आणि व्हीपीएन पुरे का, असं तुम्ही विचारलंय. नाही, एवढ्या भरवशावर सुरुवात करू नका.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, फक्त तुमच्या मोबाइलवर मागमूस ठेवत नाही. कुठल्या साइटवर गेलात ते इंटरनेट कंपनीला दिसतंच. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा; तो लावला की इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसतं. आणि एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) 5 वर्षं जपून ठेवायला सांगितलं. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. आयटी कायद्याच्या कलम 69 खाली केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव पाळतीचा आदेश देऊ शकतात, हेही ध्यानात असू द्या.

कुकीला, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरात ठेवते त्या ओळखीच्या छोट्या फाइलला, मात्र नुसती जाहिरातीची कटकट समजू नका. 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या गुप्त कागदांतून कळलं की अमेरिकेची हेरसंस्था एनएसए गूगलची ‘प्रेफ’ नावाची कुकी माणूस हेरायला वापरत होती. घरच्या वायफायवरून उठून तुम्ही म्हापशाला गेलात की आयपी बदलतो, पण ब्राउझरातली कुकी तीच राहते, म्हणून माणूस तोच हे ओळखू येतं. व्हीपीएन लावूनही तेच होतं. रोजच्या ब्राउझरात, रोजच्या जीमेलला लॉगिन असताना व्हीपीएन लावणं म्हणजे तोंड झाकून गळ्यात नावाची पाटी अडकवणं.

म्हणून या लिखाणाचं सगळंच वेगळं ठेवा. टॉर ब्राउझर घ्या, तो तुमची जोडणी अनेक सर्व्हरमधून फिरवून पत्ता लपवतो. तो हळू चालतो, पण बंद केला की कुकी जातात. त्यात एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची जादा सोय) घालू नका, स्वतःचं कुठलंही खातं चुकूनही उघडू नका. नवीन खात्याला तुमचा मोबाइल नंबर देऊ नका, कारण सिम ओळखपत्रावरच मिळतं.

फोटोंबद्दल जरा जास्त सांगतो, कारण मी तिथेच फसलो. शेतात टाकलेल्या भरावाचा फोटो मी फाइल म्हणून एका ग्रुपवर पाठवला. फोटोत अक्षांश-रेखांश होते, आमच्याच गच्चीचे. आठ दिवसांत घरी माणसं आली, आई कित्येक रात्री झोपली नाही. तेव्हा आधी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. आणि तेवढं करूनही कोन बघून वाड्यावरचा कुणीही सांगेल की हा अमक्याच्या बाल्कनीतून काढलाय. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची वस्ती 14.58 लाख होती, इथे माणूस ओळखायला गुप्तहेर लागत नाही. फोटो हमरस्त्यावरून काढा, जिथे रोज शेकडो गाड्या थांबतात.

यात तुम्ही गैर काही करत नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिलाय. भीती वाटत असली तरी लिहा.

माहिती अधिकाराखाली तुमच्या नावाने कागद मागवले असतील तर मात्र ते टाकू नका. तो अर्ज नाव-पत्त्यासकट पंचायतीच्या फायलीत आहे. उघडपणे लढणाऱ्या एखाद्या संघटनेला तेच कागद तिच्या अर्जावर मागवू द्या. ते बाहेर आले की मग त्यावर लिहा.