चावी बंद असताना टेम्पो जागेवरून हलला, तर ट्रॅकरने आपोआप हॉर्न वाजवून मेसेज द्यावा, असं सेटिंग करता येतं का?

येतं, फक्त ट्रॅकरला आउटपुटची वायर (ट्रॅकर जिच्यातून बाहेरची वस्तू चालू-बंद करतो ती) हवी. ओबीडी सॉकेटात (गाडीची तपासणी करायच्या प्लगमध्ये) नुसत्या खोचायच्या ट्रॅकरला ती बहुधा नसते. रत्नागिरीत आंब्याच्या टेम्पोंचं वायरिंग करतो, त्यावरून सांगतो. इग्निशनची वायर ट्रॅकरच्या इनपुटला द्या आणि अट लावा: चावी बंद, तरी गाडी पार्किंगच्या घेराबाहेर (घेर म्हणजे ट्रॅकरमध्ये आखलेलं वर्तुळ). घेराची त्रिज्या १०० मीटरपेक्षा लहान नको. पत्र्याच्या शेडखाली जीपीएस भरकटतो आणि मध्यरात्री उगाच हॉर्न वाजून अख्खी वाडी उठते. आउटपुट थेट हॉर्नला जोडलंत तर ट्रॅकर जळेल. मधे १२ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) घाला, हॉर्न त्याच्या स्विचवरून चालवा आणि त्याची कॉइल अशी जोडा:

- कॉइलचं एक टोक फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला
- दुसरं आउटपुटला (बहुतेक ट्रॅकर ही वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, जोडतात)
- कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग, पट्टी प्लसकडे), हा विसरू नका

एक मात्र आहे: अट ट्रॅकरमध्येच साठवा, सर्व्हरवर नको. कशेडी घाटासारख्या ठिकाणी रेंज गेली, की सर्व्हरचा हुकूम पोचतच नाही. ट्रॅकरमधली अट मात्र हॉर्न वाजवते. मेसेज तेवढा रेंज आल्यावर येतो.