मुलगी डिफेंडर आहे, भारतात महिला फुटबॉलमध्ये पुढे काही होतं का?

तुमची चौदा वर्षांची मुलगी मागे, बचावात खेळते आणि गोल करणाऱ्यांनाच सगळं मिळतं असं घरचे म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी महिला फुटबॉल बरीच वर्षं बघतोय. माझ्या मते तिला लोइतोंगबाम आशालता देवीची कारकीर्द सांगा, त्यातला वाईट भागही.

आशालता मणिपूरची, सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारी. 2011 मध्ये भारताकडून खेळायला लागली, पुढे कर्णधार झाली. मधे मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडूनही खेळली, कारण तेव्हा आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय लीगच नव्हती.

2022 चं वर्ष मात्र मला अजून सलतं. आशियाई चषक आपल्याच महाराष्ट्रात होता, त्यातून विश्वचषकाची वाट निघत होती. नवी मुंबईत इराणशी 0-0 झालं. बचाव चोख होता, पुढे गोल तेवढा होईना. मग संघात कोरोना शिरला, चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) उतरवायला किमान लागणाऱ्या तेरा मुलीही उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. इराणचा सामनाही हिशेबातून रद्द. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आशालता तिच्या गोकुलम केरळ क्लबबरोबर आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचली, तर फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, भारताच्या फुटबॉल महासंघाला निलंबित केलेलं. न खेळताच परत. दोन्हींत तिचा काय दोष?

तरी ती खेळत राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध तिचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना झाला. तिच्याआधी एकाही भारतीय महिलेचे शंभर झाले नव्हते. आणि ही डिफेंडर आहे, हे घरच्यांना जरूर सांगा. सेंटर बॅकला वेगाइतकीच नजर लागते. पास कुठे पडणार हे आधी ओळखणं, ऑफसाइडची लाइन धरणं (समोरची खेळाडू ऑफसाइड सापडावी म्हणून बचावफळी एका रेषेत ठेवणं), शेजारणीला सतत ओरडून सांगत राहणं, हे अनुभवाने वाढतं.

पैशाचं विचाराल तर एकट्या फुटबॉलवर घर चालेल असं मी सांगणार नाही. इंडियन विमेन्स लीग, म्हणजे आपली महिलांची राष्ट्रीय लीग, आधी काही आठवड्यांत एकाच शहरात उरकायचे. 2023-24 आणि 2024-25 मध्ये ती होम-अवे पद्धतीने झाली, एक सामना आपल्या मैदानावर, एक समोरच्यांच्या, म्हणजे सामने जास्त आणि हंगामही लांब. रेल्वेचा महिला संघही आहे. शिक्षण सोडू देऊ नका. आणि सध्या तिच्या कोचला एवढंच विचारा, की तिला वर्षभरात खरे सामने किती मिळतात. नुसता सराव होत असेल तर क्लब बदला.