कावीळ झालीच नाही, मग हिपॅटायटिस बी आला कुठून?

प्रश्न : वय 38. शिबिरात रक्तदान केल्यावर रक्तपेढीने बोलावून 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' असल्याचं सांगितलं. मला कधी कावीळ झाली नाही, दारूही पीत नाही. बायको आणि दोन मुलांना धोका आहे का? (सातारा)

एचबीएसएजी म्हणजे यकृतावर हल्ला करणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचा अंश. दारूचा इथे संबंध नाही आणि कावीळ न होणं हीच या विषाणूची खोड. जन्मावेळी लागण झालेल्या दर 100 बाळांपैकी सुमारे 90 जणांत तो कायमचा मुक्काम करतो, तोही बहुधा काहीच न जाणवता. धडधाकट प्रौढांत हे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी. त्यामुळे 38व्या वर्षी सापडलेला विषाणू बऱ्याचदा लहानपणीच, आईकडून किंवा घरातल्या कुणाकडून आलेला असतो. आईला बोल लावू नका, तिलाही ठाऊक नसणार. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर 2011 मध्ये पोहोचली, तुमची पिढी तिच्या आधीची. मोठेपणीच्या वाटा म्हणजे पुन्हा वापरलेली सुई, एकाच पात्याने अनेकांची दाढी, जत्रेतलं गोंदण, निरोधाशिवाय संबंध. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू 7 दिवस तग धरतो. राष्ट्रीय पाहणीत शंभरात साधारण एकाच्या रक्तात तो सापडला होता, म्हणजे तुम्ही काही एकटे नाही.

रक्तपेढीची चाचणी ही चाळणी असते, निदान नव्हे. तीच चाचणी प्रयोगशाळेत पुन्हा करा. सोबत एचबीईएजी (विषाणू किती जोमात वाढतोय), एसजीपीटी (यकृताची सूज), प्लेटलेट, एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती) आणि पोटाची सोनोग्राफी. 6 महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिलात तर संसर्ग जुनाट. प्रत्येकाला गोळ्या लागतात असं नाही, पण तपासणी मात्र दर 6 ते 12 महिन्यांनी आयुष्यभर. घोळ इथेच होतो : पहिली सोनोग्राफी चांगली आली की फाइल कपाटात जाते. विषाणू दाबणारी टेनोफोविर गोळी सुरू झाली असेल तर मनाने बंद करू नका, विषाणू उसळून यकृत अचानक निकामी होऊ शकतं. रक्तदान मात्र आता कायमचं बंद.

घरच्यांची आधी तपासणी, मग लस. उलट केलंत तर लसीतल्या घटकामुळेच एचबीएसएजी काही दिवस पॉझिटिव्ह दिसू शकतो आणि घरभर घबराट. मुलांचे लसीचे डोस पूर्ण झाले असले तरी त्यांचीही तपासणी करा. बायको निगेटिव्ह असेल आणि अँटी-एचबीएस (बीपासून वाचवणारी प्रतिद्रव्यं) नसेल तर तिला 0, 1 आणि 6 महिने असे तीन डोस, दंडात. कुल्ल्यावर टोचल्यास परिणाम कमी. मधला डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून नको, राहिलेला घ्या. शेवटच्या डोसनंतर 1-2 महिन्यांनी अँटी-एचबीएस 10 mIU/mL किंवा जास्त हवा. तोवर निरोध वापरा. रेझर, टूथब्रश, नेलकटर प्रत्येकाचं वेगळं. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही. वेगळी भांडी मांडायची गरज नाही.

प्रश्न : आईचं वय 58. 1994 मध्ये सिझेरियनच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी 'अँटी-एचसीव्ही' पॉझिटिव्ह आलं. (लातूर)

आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सी चाचणी 2001 मध्ये सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेल्या प्रत्येकाने एकदा ही तपासणी करून घ्यायलाच हवी.

पण अँटी-एचसीव्ही, म्हणजे हिपॅटायटिस सी विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं, ही फक्त पाऊलखूण. काही जणांत विषाणू आपोआप जातो, खूण उरते. तो आजही आहे का, हे एचसीव्ही आरएनए ही चाचणी सांगते. आरएनए आढळला तर घाबरू नका : सी साठी लस नाही, पण तो बरा होतो. सिरोसिस (यकृत कडक होणं) नसेल तर सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या रोज, 12 आठवडे. 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाचण्या आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सुरू करण्याआधी एचबीएसएजी तपासलाच पाहिजे. सी मरताना दबलेला बी डोकं वर काढू शकतो. टीबी, फिट्स किंवा हृदयाच्या ठोक्यांची औषधं चालू असतील तर चिठ्ठी दाखवा, काहींशी जमत नाही. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए. अँटी-एचसीव्ही पुन्हा करून पैसे घालवू नका, बरं झाल्यावरही ती पॉझिटिव्हच राहते. ऑपरेशन यासाठी अडायचं कारण नाही.

प्रश्न : गावात काविळीची साथ आहे, सुनेला सातवा महिना. गळ्यात माळ बांधली, उसाचा रस देतो. पुरे का? (सांगली)

नाही. साथीतली कावीळ बहुधा पाण्यातून येते, हिपॅटायटिस ए किंवा ई. ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर जिवावर बेततो. अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण 20-25 टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. पाणी खळखळ उकळूनच द्या, नुसतं गाळून किंवा तुरटी फिरवून चालणार नाही. रसवंतीवरचा रस बंद : उतारा म्हणून पितात खरा, पण त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, कुणी विचारत नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, ती असंबद्ध बोलू लागली किंवा सारखी झोपू लागली, तर माळ-पाल्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.